पडद्यामागून पाहिलेली नर्स

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालायचा, नागपूरचा विलायतेतून, आणि त्या विलायतेतले सिनेमे घेऊन सरकारची मोटार गावोगाव फिरायची. उन्हाळ्यात ती पिंपळगाव राजाला आली. बाजाराच्या मैदानात दोन बांबूंना पांढरा पडदा ताणला. पुरुष पडद्यापुढे बसले आणि आम्हां बायकांना पडद्याच्या पाठीमागे बसवलं. कापड पातळ आहे, दोन्हीकडून सारखंच दिसतं, मग तक्रार कशाची, असं मोटारवाल्याचं म्हणणं. भोंगा मात्र पुरुषांकडे तोंड करून होता. त्यातून मराठीत काहीतरी समजावून सांगत होते, आमच्याकडे नुसता घरघराट यायचा.

पुरुषांना वाटलं होतं, मारामारी असेल, नाहीतर देवादिकांचं काही. निघालं भलतंच. विलायतेतले साधे लोक कामाला जातात, घरी येतात, एवढंच. एक माणूस दाढी करतोय. एक बाई मुलांना चहा ओततेय. खाणीतून काळाकुट्ट होऊन घरी आलेल्या नवऱ्याची पाठ बायको घासून देतेय. पडद्यापलीकडून शिट्ट्या आणि जांभया ऐकू यायला लागल्या. आम्ही मात्र जागच्या हललो नाही. आम्ही पाहिलेला साहेब म्हणजे मोटारीतून धुरळा उडवत जाणारा. गोऱ्यांच्या घरी भांडी कोण घासतं, हा प्रश्न आम्हांला कधी पडलाच नव्हता. इथे साहेबीण बाह्या वर सारून स्वतः भांडी घासत होती, आणि घासून झाल्यावर कंबरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. आमच्यातल्या दोघीतिघींचे हात आपोआप कंबरेकडे गेले.

मग सायकलवरची नर्स आली. अंगात लांब कोट, मागे बांधलेली पिशवी, वरून पाऊस. सायकलवर टांग टाकून ती निघाली, गल्लीबोळातून एका घरापाशी उतरली. दारात उभे असलेले पुरुष टोपी काढून बाजूला झाले आणि ती आत गेली.

शेजारी बसलेली माझी सासू म्हणाली, "पायतन घालून सरळ आत घुसली बाप्पा. तिले सासू नसन."

बायका हसल्या. मी हसले नाही. मी तिचे पाय पाहत होते. कोणता पाय कुठे ठेवते, किती रेटे देते, कधी वर बसते, सगळं. ती पुन्हा दोनदा चढली आणि उतरली, तेवढ्यात मी ते पाठ करून टाकलं.

त्याला कारण होतं. बुलढाण्याच्या दवाखान्यात राहून मी सुईणीचं शिक्षण पुरं केलं होतं, आणि आमच्या गावच्या दवाखान्यात नर्सची जागा निघणार होती. डॉक्टर नागपूरकडचे. त्यांनी मला स्पष्ट विचारलं होतं, "बाई, आजूबाजूच्या खेड्यांवरून बोलावणं आलं तर तुम्ही जाणार कशानं? दर वेळी गाडी-बैल कोण देणार?" नांदुऱ्याची एक बाई त्यांच्या मनात होती. तिचा भाऊ बैलांची दमणी जुंपून तिला पाहिजे तिथे पोचवणार होता. पोळ्यापर्यंत तुमची काही सोय झाली तर सांगा, एवढं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, ती दुसऱ्या कोणाला मिळाली तर माझ्या घशाखाली घास उतरला नसता.

नवरा नांदुऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्याचा बाजार करून घरी येणारा. त्याची सायकल पडवीत उभी असायची. मी ती पहाटे खळ्यात न्यायची. नर्सबाईसारखा उजवा पाय उजव्या पायडलवर, डाव्या पायानं दोन रेटे, आणि वर. तीन वेळा वर गेले की चार वेळा खाली यायची. लुगडं चेनमध्ये अडकायचं, काळं व्हायचं, फाटायचं. गुडघे सोलून निघाले. विलायतेत ही चेन कोट खात नाही आणि माझंच लुगडं कशी खाते, याचा मला भयंकर राग यायचा.

सासू बांधावर बसून पाहायची. तिनं अडवलं नाही, पण जीभही आवरली नाही. "ते घागरा घालून चढली, अन् तुले कासोटा असून जमत नाही काय?" ती म्हणायची आणि फाटलेलं लुगडं घरी शिवून ठेवायची.

एकदा चेनच तुटली. सायकल हातानं ढकलत मी मोटारस्टँडजवळच्या चाचांकडे गेले. गावातल्या सगळ्या सायकली तेच दुरुस्त करत. त्यांनी माझं लुगडं पाहिलं, चेन पाहिली.

"बेटी, तू चेनच्या बाजूनं काऊन चढून राह्यली? सारी दुनिया डाव्या बाजूनं चढते."

"सिनेमातली नर्स अशीच चढली, चाचा. मी डोळ्यानं पाह्यली."

"मी बी पाह्यली. डाव्याच बाजूनं चढली ते."

मी हो म्हणेना, ते नाही म्हणेनात. अखेर चाचांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, "तू बसली कुठं होती?"

मी सांगितलं, पडद्यामागे. चाचांनी आधी डावा हात वर केला, मग उजवा: मागून पाहिलं की डावं ते उजवं दिसतं. मला ते कळलं तेव्हा हसू नाही आलं, संताप आला. अख्खी विलायत आम्हांला उलटी दाखवली होती आणि वर विचारलं होतं, तक्रार कशाची.

चाचांनी डाव्या बाजूनं चढायला लावलं. मी सपशेल आडवी झाले. पुन्हा चढले, पुन्हा आडवी. अंगानं एक बाजू शिकून घेतली होती आणि ते दुसरी ऐकायला तयार नव्हतं. पोळा तोंडावर आला होता. मी चाचांना म्हटलं, "आता शिकली ते शिकली. तुम्ही त्या चेनचं काहीतरी करा." त्यांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून चेनवर झाकण ठोकून दिलं. दिसायला ते भिकारडं होतं, पण लुगडं वाचलं.

पोळ्याच्या चार दिवस आधी सायकल घेऊन मी दवाखान्यापुढे उभी राहिले. ओट्यावर दहा-बारा पुरुष बसलेले. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "चढून दाखवा." मी चढले, मैदानाला वळसा घालून आले. ओटा हसत होता. डॉक्टरही हसले. "बाई, आधी सरळ बाजूनं चढायला शिका. मग नोकरीचं बघू."

तोंडापर्यंत उत्तर आलं होतं, पण माझं लक्ष ओट्याच्या टोकाला गेलं. तिथे एक माणूस उभा होता, आणि तो एकटाच हसत नव्हता. नदीपलीकडच्या खेड्यातून तो धावत आला होता. बायको सकाळपासून अडलेली, गावचे बैल शेतात डवऱ्याला जुंपलेले, आणि डॉक्टरांची गाडी अजून बाहेरून यायची होती. त्यानं मला एवढंच विचारलं, "बाई, तुमी येता काय?"

मी डॉक्टरांकडे पाहिलंसुद्धा नाही. आत जाऊन दवाखान्याची बाळंतपणाची पिशवी घेतली, मागे बांधली आणि माझ्याच बाजूनं चढले. पुढचा रस्ता सगळा चिखलाचा होता. नदीपाशी त्या माणसानं सायकल खांद्यावर घेतली, मी गुडघाभर पाण्यातून चालले, पलीकडे पुन्हा बसले.

मूल पायाळू होतं. बुलढाण्याला जे हातांना शिकवलं होतं ते हातांनी नीट केलं. मला भीती वाटली, पुष्कळ वाटली, पण ती मी हातांपर्यंत येऊ दिली नाही. पोर रडलं तेव्हा बाळंतीण माझ्याकडे पाहत होती, आणि मी ते तिच्या कुशीत ठेवलं.

ऊन कलल्यावर डॉक्टरांची गाडी पोचली. मी अंगणात हात धूत होते. ते आत गेले, आईला तपासलं, मुलाला तपासलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी माझी पत्रा ठोकलेली सायकल पाहिली. मग म्हणाले, "उद्यापासून कामावर या."

"उद्या जमणार नाही," मी म्हटलं. "उद्या हिला पाहायला इथं यायचंय. परवा येते."