वसंताचा डावा डोळा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला वाटतं, कतारमधल्या दोह्याच्या दिवसांतलं सगळं तिला माहीत आहे — नजमा वस्तीतली खोली, खोलीतले ढेकूण आणि आमची लॅक्रॉसची टीम. टीमचं तर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. तुम्हालाही तेवढंच ऐकवून मोकळा झालो असतो. पण आज नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी तिथल्या एका छोट्या टेक्निकल कॉलेजात ड्रॉइंग शिकवायचो. पीटर नावाचा इंग्रज मास्तर आला आणि त्यानं हा खेळ आणला. काठीच्या टोकाला जाळी, जाळीत टणक रबरी बॉल. तो घेऊन धावायचं आणि गोलात मारायचा. पोरं कमी, म्हणून वर्कशॉपमधली माणसंही घेतली. हसू नका — दोन-तीन सीझनमध्ये आम्ही तेल कंपन्यांच्या गोऱ्या टीमना धूळ चारली! ज्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं ते प्रिन्सिपॉल हात मिळवायला लागले. कारण मी मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे काय? पीटरचं इंग्रजी आपल्या माणसांना सांगायचं, त्यांचं म्हणणं पीटरला. बस्स. पण मला ते चढलं होतं.

आमचा गोलकीपर वसंता, सांगलीकडचा वेल्डर. क्रिकेटची पॅडं बांधून उभा राहायचा, डोक्याला नुसती टोपी. इंग्रजीचा त्याला गंध नव्हता. फायनलच्या पहिल्या हाफमध्ये बॉल त्याच्या डाव्या कानशिलावर बसला. हाफ टाइमला पीटरनं मला विचारलं, हा ठीक आहे ना?

वसंता म्हणाला, "सर, डाव्या डोळ्याम्होरं अंधारी आलीया. सायबाला सांगा, दुसऱ्या कुणाला तरी हुबा करा."

दुसरा होता. कच्चा होता, पण होता. आम्ही एका गोलानं पुढे होतो, आणि मी — कसं सांगू? — मी पीटरला म्हणालो, तो म्हणतोय ठीक आहे, खेळतो. आणि वसंताला म्हणालो, साहेब नाही म्हणतोय. विचार करायलाही थांबलो नाही. घाबरून, गडबडून बोललो असतो तर निदान... पण तसं नव्हतं.

डावीकडून आलेला बॉल त्याला दिसलाच नाही. त्याच डोळ्यावर बसला. आम्ही जिंकलो. वसंताचा डोळा गेला, आणि डोळ्यामागोमाग वेल्डिंगची नोकरीही.

पीटर हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर रडला. दिसत नव्हतं तर हा बोलला का नाही, असं मला पुन्हापुन्हा विचारत होता. मी म्हणालो, आमची माणसं अशीच, दुखणं लपवतात. त्याच वर्षी तो विलायतेला परत गेला, तेच मनात धरून.

पुढे ऐंशीच्या दशकात सुट्टीवर आलो तेव्हा वसंताच्या घरी गेलो. का गेलो? त्याला काही कळलंय का, ते बघायला — दुसरं काय? त्यानं बायकोला हाक मारली. "ह्येच ते सर. माझ्यासाठी सायबाशी लई भांडले, पण गोरा ऐकतोय व्हय!"

तिनं वाकून मला नमस्कार केला. मी तो घेतला. वर म्हणालो, "गोरे असेच असतात, वसंता."

मग पानं वाढली. मी पोटभर जेवलो. तिनं आग्रह केला तेव्हा भात पुन्हा घेतला.