कुत्र्याच्या पिल्लाची नाइट

मला कुत्री आवडत नाहीत. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी उगाच हळहळायला नको. ओल्या केसांचा वास, फरशीवरची लाळ, कुरतडलेल्या चपला, सगळ्याचीच मला शिसारी येते. पण माझ्या घरात पिल्लू आलं तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त किळस मला माणसांची आली.

पिल्लू आणलं माझ्या मेहुण्यानं. मुलीचा वाढदिवस होता, ती तेव्हा चौथीत. उल्हासनगरच्या मार्केटातून मिक्सरच्या खोक्यात घालून, गळ्यात लाल रिबीन बांधून हा ते घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "सरप्राइज!" ना मला विचारलं, ना स्वतःच्या बहिणीला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण लहानपणापासून ऐकत आलोय, पण आमच्याकडे मेहुण्यानं कुत्रं धाडलं. पालेगावातल्या आमच्या वन बीएचकेमध्ये आधीच मी, बायको, माझी आई, मुलगी आणि पहिलीतला मुलगा, अशी पाच माणसं. मेहुण्यानं केक खाल्ला, पिल्लाबरोबर दहा फोटो काढले आणि हात झटकून गेला. रिबिनीला मुताचा वास मारत होता. ती मीच कापून कचऱ्यात टाकली.

आता माझं सांगतो. मी एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. नाइट लागली की सकाळी घरी येऊन आतल्या खोलीत झोपतो. तेव्हा बायको बाहेरच्या कडीला एक जुना पंचा बांधते. आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, पंचा दिसला की बेल दाबायची नाही. भाजीवाला, कुरियरवाला, सगळे हळूच कडी वाजवतात. माझी दोन्ही मुलं या पंच्याच्या सावलीत वाढली. "बाबांची नाइट आहे" म्हटलं की टीव्हीचा आवाज बंद, पावलं चवड्यांवर. बापाची झोप म्हणजे काय हे ज्यांना पाळण्यात कळलं, त्याच मुलांनी त्या पिल्लाला मात्र डोळा लागू दिला नाही.

सकाळी शाळेत जायच्या आधी एकदा उठवायचं, बाय करायला. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून पुन्हा उठवायचं. मुलगी झोपलेल्या पिल्लाला कुशीत घ्यायची, पापणी वर करून बघायची, "जागाच आहे, बाबा, बघा!" मुलगा त्याच्या पाठीवरून प्लास्टिकचा ट्रक चालवायचा. आणि हे कमी म्हणून आख्खी बिल्डिंग. छे, छे, छे! चार चार पोरं दारात रांग लावून. त्यांच्यामागे त्यांच्या आया, हातात मोबाइल. समोरच्या फ्लॅटमधल्या एक बाई तर स्वतःच्या मुलाचा गॉगल घेऊन आल्या. पेंगणाऱ्या पिल्लाच्या डोळ्यांवर गॉगल लावला आणि रील काढली. गॉगल घसरला, पिल्लाची मान घसरली, बाई हसून हसून लोळायच्या बाकी. "सो क्यूट ना?" असं त्यांनी मला विचारलं. मला ओकारी आली. मी म्हटलं, "बाई, तुमच्या झोपेत मी येऊन असं केलं तर चालेल का?" तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं.

कुणी क्रीमचं बिस्किट चारायचं, कुणी चिवडा. मग पिल्लू ओकायचं. हॉलभर फिनेल आणि ओकारीचा मिळून जो एक वास यायचा, त्यापेक्षा आमच्या कंपनीचा प्लांट परवडला. पुसायला कोण? माझी बायको. ती घरी ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकाच्या कापडाला वास लागेल म्हणून कपडे माळ्यावर चढवून ठेवले होते बिचारीनं, आणि दिवसातून पाच वेळा फडकं मारत होती.

त्यात आमची आई. आमचं घराणं मूळचं शेतकऱ्याचं, जमिनी गेल्या, बिल्डिंग आल्या, पण आईचा एक नेम अजून तसाच आहे. दिवेलागणीला घरात कुणी झोपायचं नाही. ताप असला तरी उठून बसायचं. देवाजवळ दिवा लावला की ती आख्ख्या घरात फिरून बघते. पहिल्याच संध्याकाळी तिला कोपऱ्यात पिल्लू झोपलेलं दिसलं. "दिवं लागलं की! उठवा त्याला. या येळंला झोपतात का कुणी? लक्षुमी दारातनं माघारी जाईल." झालं. आजीचा हुकूम म्हणून मुलं रोज दिवेलागणीला त्याला गदागदा हलवून उठवायची, आणि त्यांना वाटायचं आपण फार शहाण्यासारखं वागतोय.

आणि रोज त्याच वेळेला ते पिल्लू पिसाळल्यासारखं करायचं. सोफ्यावरून टीव्हीकडे, टीव्हीकडून पायांकडे, मध्ये येईल ते चावायचं. सगळे म्हणायचे, किती खेळकर आहे! एका संध्याकाळी उठवायला गेलेल्या मुलीच्या हाताला त्यानं दात लावले. रक्त आलं. रिक्षा केली, दवाखाना, इंजेक्शन. मुलगी इंजेक्शनाला रडली नाही. घरी आल्यावर रडली, कारण बायकोनं भावाला फोन लावला होता: "रविवारी ये आणि घेऊन जा तुझं कुत्रं. माझ्या पोरीला चावतंय."

तिचं चुकलं होतं का? अजिबात नाही. तिच्या जागी मी असतो तर रविवारपर्यंतही थांबलो नसतो. पण मुलगी काही जेवेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. "आपण त्याला परत दिलं तर तो दुकानात पिंजऱ्यात जाईल," एवढंच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी नाइट करून आलो आणि मुलं शाळेत गेल्यावर पिल्लाला पिशवीत घालून उल्हासनगरला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर सिंधी गृहस्थ. त्यांनी पिल्लाचे डोळे बघितले, माझे बघितले आणि म्हणाले, "भाऊ, आप दोनों को नींद की जरूरत है." म्हणाले, एवढंसं पिल्लू दिवसाचा बहुतेक वेळ झोपतं. झोपू दिलं नाही की चिडतं, आणि चिडलं की चावतं. मला हसावं की रडावं कळेना. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. दिवसा कुणी उठवलं की माझ्या डोक्यात काय जातं हे मला ठाऊक नव्हतं का? मीसुद्धा चावलो असतो. फक्त नोकरी जाईल म्हणून कधी कुणाला चावलो नाही.

मुलं शाळेतून आल्यावर दोघांना समोर बसवलं. समजावून सांगणं मला जमत नाही. चिडूनच म्हटलं, "बाबांची नाइट असते तेव्हा तुम्ही माझ्या डोळ्याची पापणी उघडून बघता का?"

मुलगा घाबरून म्हणाला, "नाही."

"माझ्या पाठीवर ट्रक चालवता?"

"नाही."

हातातला ट्रक खाली ठेवून त्यानं विचारलं, "मग त्याची पण नाइट असते?"

"हो," मी म्हटलं. "त्याची रोजच नाइट असते. लहान आहे म्हणून."

एवढं त्याला पुरलं. आतल्या खोलीत माझ्या कॉटखाली एक जुनी चादर घडी करून टाकली. तिथे गेल्यावर त्याला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. तो आपणहून बाहेर आला की खेळायचं, आणि दात लावायला लागला की खेळ बंद, पुन्हा चादरीवर. मुलीला हे जड गेलं. ती उंबऱ्यात बसून नुसती त्याच्याकडे बघत राहायची, हात मांडीखाली दाबून. मुलगा दर पाच मिनिटांनी येऊन कुजबुजायचा, "संपली का नाइट?" मग तिलाच युक्ती सुचली. पिल्लू झोपलं की ती उंबऱ्यात बसून त्याचं चित्र काढायची, आणि भावाला रंग भरायला द्यायची. पिल्लू निळं झालं, हिरवं झालं. बिल्डिंगमधली पोरं आली की मुलगा दारातच ओठांवर बोट ठेवून उभा. गॉगलवाल्या बाईंनाही त्यानं तसंच परत पाठवलं. पोरगा माझ्यावर गेलाय.

राहिली आई. दिवेलागणीला ती कॉटपाशी आली, वाकली. मुलगी पटकन म्हणाली, "आजी, माझा भाऊ बाळ होता, तेव्हा त्याला उठवायचीस का गं दिवे लागल्यावर?"

"तान्ह्याला कोण उठवील?" आई म्हणाली. "येडी का काय तू?"

"मग हा पण तान्हाच आहे."

आईनं कॉटखाली बघितलं. मग म्हणाली, "मं तिकडं मोठा लाइट नको लावू," आणि दिवा घेऊन स्वयंपाकघरात गेली.

त्या दिवसापासून चावणं कमी झालं. थांबलं असं म्हणणार नाही. मुताचा वासही गेला नव्हता, अजूनही जात नाही. बायकोनं रविवारचा निरोप काही फिरवला नव्हता. रविवार येईपर्यंत मुलगी बायकोच्या फोनकडे कान लावून होती.

रविवारी दुपारी मेहुणा आला. खोकं तेच, मिक्सरचं. दार उघडल्या उघडल्या शिट्टी वाजवली. "कुठंय आमचा हिरो?" त्या शिट्टीनं माझ्या अंगावर काटा आला, असा माणूस आहे तो.

मुलगी आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. हाताला अजून पट्टी होती. "मामा, न्यायचं तर ने. पण तो उठल्यावर. आत्ता त्याची नाइट आहे."

"कुत्र्याची नाइट!" मेहुणा खो खो हसला. "अगं, कुत्र्याला उठवायला काय मुहूर्त काढायचा? सरक." आणि त्यानं दोन्ही हातांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. हातात चहाचा कप होता. तो तिनं टेबलावर ठेवला, ते खोकं पायानं सरकवत सरकवत दाराबाहेर नेलं आणि आपल्या भावाकडे असं बघितलं की मीसुद्धा मागे सरलो.

"दादा, हळू," ती म्हणाली. "झोपलंय ते. आणि कुठे नाही जायचं ते आता. चहा घे, पण आवाज करू नकोस."

मेहुणा फुरका न मारता चहा प्यायला. मुलगी तिथेच दारात खाली बसली आणि तोंड झाकून रडायला लागली, तेही आवाज न करता.

आणि मी? मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण खरं सांगू? संतापच जास्त झाला. हाच माणूस इतकी वर्षं मी नाइट करून आत पडलेलो असताना बाहेर मोठ्यानं मॅच लावून बसायचा, आणि हीच बायको त्याला म्हणायची, "बस रे दादा, त्यांचं काय, ते रोजच झोपतात."