हरवलेले तीन खड्डे

"सर, तुमचे तीन खड्डे हरवलेत."

फोनवर असं वाक्य ऐकायला मिळणारी माणसं जगात थोडीच असतील. खड्डेकरांनी ते ऐकलं, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कुठले?"

कुठले ते त्यांना माहीत होतं.

खड्डेकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते सासऱ्यांनी ठेवलेलं. जावई पुरातत्त्व खात्यात आहे म्हणजे निदान एखाद्या राजवाड्यात बसत असेल, अशी सासऱ्यांची समजूत होती. लग्नानंतर कळलं की जावई मातीत बसतो. "दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद खणायचं, काही सापडलं नाही म्हणून लिहायचं आणि परत बुजवायचं," असं जावयाने कामाचं स्वरूप सांगितल्यावर सासरे म्हणाले, "बुजवता ना पण? मग नगरपालिकेपेक्षा बरे." तेव्हापासून खड्डेकर. नाव घरातून ऑफिसात कसं पोचलं याचा शोध लागला नाही, पण पुढेपुढे ते स्वतःच फोनवर "खड्डेकर बोलतोय" म्हणू लागले, तेव्हा शोध घ्यायची गरजही उरली नाही.

काम तसं सोपं. कुठे रस्ता, टाकी, इमारत बांधायची ठरली की आधी त्या जमिनीत जुनं काही आहे का ते पाहून द्यायचं. असलं तर बांधणारे वैतागतात. नसलं तर पाहणारा. एकतीस वर्षांत खड्डेकरांच्या अहवालांत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता 'निरंक'. पण ते निरंक त्यांनी गुडघ्यावर बसून, ऊनपाऊस खाऊन कमावलेलं होतं, आणि त्याचा त्यांना मान होता.

या धंद्यात एक गोष्ट आहे. खड्डा बुजवता येतो, पुसता येत नाही. जमिनीचे थर एकावर एक बसलेले असतात. एकदा उकरून परत भरले की माती कालवली जाते आणि ती कालवाकालव हजार वर्षांनीही ओळखू येते. वर नियम असा की बुजवण्याआधी तळाला चालू वर्षाचं एक नाणं टाकायचं, म्हणजे पुढे खणणाऱ्याला कळावं की इथे आपल्या आधी कुणी येऊन गेलंय. प्रशिक्षण वर्गात खड्डेकर पोरापोरींना सांगत, "माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल. बुजवलेला खड्डा खोटं बोलणार नाही."

न खणलेल्या खड्ड्याबद्दल ते काही सांगत नसत.

फोन करणारी मुलगी त्याच वर्गातली. खात्यात लागून तिला दीड वर्ष झालं होतं, नोकरी अजून कच्ची होती. प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायची, म्हणून ऑफिसात तिला फूटपट्टी म्हणत. तिच्यासमोर म्हणत आणि ती ओ देई. सात वर्षांपूर्वी खड्डेकरांनी बस आगारासाठी तपासलेली जागा तिच्याकडे आली होती. आगार आता कुंपणाच्या पलीकडे वाढायचं होतं, त्यामुळे तपासणी नव्याने. जुन्या खड्ड्यांच्या शेजारी नवे घ्यायचे म्हणून ती आधी जुने शोधत होती.

"नऊ सापडले, सर. नऊच्या नऊ नाणी सापडली. पण कुंपणापलीकडचे दहा, अकरा, बारा मिळत नाहीत. मी तीन वेळा मोजलं."

"मोजलं कुठून?"

"तुम्ही लिहिलंय तिथूनच. विजेच्या खांबापासून."

"खांब सरकवला असेल," खड्डेकर म्हणाले.

"खांब सरकवतात, सर?"

"सरकवतात कधी कधी."

हे बोलताना त्यांचे कान तापले. फोनवर कान दिसत नाहीत, एवढीच सोय.

आता खरं काय झालं होतं ते. बारा खड्डे ठरले होते. नऊ खणून झाले. नवांत मिळून बाटलीचं एक बूच आणि चपलेचा एक अंगठा निघाला. उरलेले तीन कुंपणापलीकडे. कुंपणाच्या फाटकाला कुलूप, किल्ली पहारेकऱ्याकडे आणि पहारेकरी बहिणीकडे गेलेला. दोन दिवसांनी येणार होता. इथे एखादं आजारपण, वरून आलेला दबाव, असं काही सांगता आलं असतं तर खड्डेकरांची बाजू जरा उजळली असती. तसं काही नव्हतं. ऊन होतं, कंटाळा आला होता आणि सोमवारी अहवाल द्यायचा होता. नवांत काही नाही तर तिनांत काय असणार? रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरून त्यांनी तिन्ही खड्डे खणले. पेन्सिलीने.

घाम न गाळता खणलेले खड्डे फार सुबक निघाले. खऱ्या खड्ड्यात मातीचं ढेकूळ रंगांच्या पुस्तकातल्या तुकड्यांशी ताडून रंग ठरवतात; खड्डेकरांनी दिवाणखान्याला रंग निवडावा तसे मातीचे रंग निवडले. अकरा नंबर जरा मोकळा वाटला, म्हणून त्यात एक दगड घातला आणि झाडाचं एक मूळ. मूळ डावीकडे शोभेल की उजवीकडे, ठरेना. तेव्हा बायकोला हाक मारली.

ते चित्र इतकं उत्तम उतरलं की खड्ड्याच्या भिंतीचं चित्र कसं काढावं याचा नमुना म्हणून पुढे प्रशिक्षण वर्गात तेच लागलं. वर्ग घेणारे खड्डेकर. हे नको, दुसरं लावा, असं म्हणायला कारण काय देणार? फूटपट्टीने ते वहीत उतरवून घेतलं होतं. मुळासकट.

खांबाच्या चौकशीत तिचे दोन दिवस गेले. वीज कार्यालयात बसून तिने लेखी आणलं की सदर खांब बावीस वर्षांत जागचा हललेला नाही. मग चार मजूर घेऊन तिने कुंपणापलीकडची अख्खी पट्टी वरून खरवडून काढली आणि अकरा नंबरच्या जागी खाली खणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"सर, अकरा नंबरच्या जागी कमरेइतक्या खोलीवर विटांची फरसबंदी लागलीय. शेजारून पन्हळ गेलीय. एक वीट हललेली नाही. तुमच्या चित्रात तिथे नुसती पिवळी माती आहे. म्हणजे मी नक्कीच चुकीच्या जागी आहे."

खड्डेकरांनी "हं" केलं.

"मुकादमांनाही विचारलं. तेव्हा तेच होते ना तुमच्याबरोबर? ते म्हणाले, आठवत नाही."

मुकादमाला आठवत नाही! ज्याला कुठल्या सालच्या कुठल्या खड्ड्यात कुणाची विळी हरवली होती तेही आठवायचं, तो माणूस आपल्यासाठी वयाच्या पासष्टाव्या वर्षी विसरभोळा झाला, हे ऐकून खड्डेकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्यासाठी खड्डा खणावा आणि आपणच त्यात पडावं, हे जुनंच आहे. न खणलेल्या खड्ड्यात पडण्याचा मान मात्र बहुधा त्यांचाच.

त्याच दुपारी संचालकांनी बोलावलं. संचालकांच्या खोलीत काचेच्या कपाटात एक फुटका रांजण होता, जो प्रत्येक नव्या संचालकाला आपल्याच कारकिर्दीत सापडलाय असं वाटे.

"ही मुलगी म्हणते, तुमचे खड्डेच सापडत नाहीत," संचालक म्हणाले. "आता एक तर ती चुकतेय, नाहीतर तुम्ही. तुम्ही चुकणार नाही. बरोबर ना?"

उत्तरासाठी ते थांबले नाहीत. प्रश्न तसा थांबण्याजोगा नव्हताच.

"तिला कायम करायचं की नाही याची फाइल माझ्यापुढे आहे. साधं मोजता येत नसेल तर ठेवून काय करू? दोन ओळींचा अभिप्राय द्या. तुम्ही लिहाल तसं करू. शुक्रवारपर्यंत."

बुधवारी संध्याकाळी खड्डेकर त्याच जेवणाच्या टेबलावर बसले आणि त्यांनी लिहिलं: 'सदर उमेदवार मेहनती असून मोजमापाच्या कामी अनुभव कमी पडतो.' वाक्य त्यांनी चार वेळा वाचलं. त्यात खोटं असं बोट ठेवून दाखवता येण्यासारखं काही नव्हतं. अशी वाक्यं लिहायला एकतीस वर्षं नोकरी करावी लागते.

बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासते. कुठलाही कागद समोर आला की तिची नजर आपोआप ओळीवरून फिरते. तशी फिरली.

"शुद्धलेखन ठीक आहे," ती म्हणाली. मग बसली. "अहो, कुणाबद्दल आहे हे?"

खड्डेकरांनी सांगितलं. सगळं नाही; आगार, मुलगी, अकरा नंबर, एवढंच.

"अकरा नंबर म्हणजे ते मूळवालं का?"

खड्डेकरांनी पेनाला टोपण लावलं.

"मीच म्हणाले होते ना, उजवीकडे काढा?"

"हो."

"मला वाटलं, तुम्ही विसरलात." तिने कागद सरळ करून ठेवला, जणू छापायला जायचाय. "खरं सांगू? त्या दिवसापासून मी धरूनच चालले की तुमचं काम असंच असतं. थोडं जाऊन बघायचं, थोडं घरी बसून काढायचं. बाबा तुमची थट्टा करायचे, तेव्हा मी मध्ये बोलायचे नाही ना, ते त्यामुळे."

"अगं, तेवढे तीनच. बाकी सगळं..."

"मला कसं कळणार?" ती म्हणाली. रागाने नाही. छापलेल्यात चूक दाखवतात तशी.

बाहेरच्यांनी खड्डेकर म्हणून हसावं, याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. पण घरात सात वर्षं एक माणूस मनातून आपल्याला लबाड समजून चाललंय आणि तरी डबा भरून देतंय, हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं. त्यांनी अभिप्राय फाडला. तुकडे लहान केले. मग ते कुठे टाकावेत हे सुचेना, म्हणून खिशात ठेवले.

गुरुवारी सकाळी ते जागेवर गेले. फूटपट्टी खाली, विटांवर गुडघे टेकून ब्रशने पन्हळ साफ करत होती. विटा खरंच सुंदर होत्या. कुणीतरी कधीकाळी मन लावून, एकेक पाहून बसवलेल्या. मुकादम कडेला टोपलीवर बसला होता. साहेबांना पाहून तो उठला आणि उगाच दुसऱ्या टोपलीकडे गेला.

"आलात, सर! बरं झालं. आता तुम्हीच दाखवा कुठे ते. मी चार रात्री झोपले नाहीये."

खड्डेकरांना आधी विटांबद्दल बोलावंसं वाटलं. विटांबद्दल ते तासभर बोलू शकले असते.

"खणलेच नव्हते," ते म्हणाले.

"काय?"

"दहा, अकरा, बारा. तू चुकलेली नाहीस. तिथे खड्डे नाहीत, कारण मी ते घेतलेच नाहीत. घरी बसून काढले."

फूटपट्टीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे एकदम भरून आले. "सर, माझ्या नोकरीसाठी असं नका म्हणू. प्लीज. माझी चूक तुम्ही अंगावर घेऊ नका."

कबुली देतानाही आपण मोठे ठरू शकतो, हा धोका खड्डेकरांच्या ध्यानात आला नव्हता. क्षणभर मोहही झाला. नाकारायला नको, नुसतं गप्प राहायचं. त्या क्षणाची त्यांना पुढे बाकी सगळ्याहून जास्त लाज वाटली.

"मुकादम," ते ओरडले, "सांगा हिला!"

"मला काही आठवत नाही, साहेब."

"मुकादम!"

मुकादमाने डोक्याचं फडकं काढून झटकलं. "नऊच, बाई. फाटकाला कुलूप होतं." मग साहेबांकडे न बघता म्हणाला, "तुम्ही बोलला नसता, तर माझ्या तोंडून निघालं नसतं."

"ते ठाऊक आहे मला," खड्डेकर म्हणाले. "तेच तर."

फूटपट्टी पन्हळीवरून ब्रश फिरवत राहिली. मग एकदम म्हणाली, "मग ते मूळ?"

"बायकोने सांगितलं, उजवीकडे काढा."

ती हसली नाही. मुकादम हसला, आणि मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. तिने ब्रश खाली ठेवला, हात झटकले आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत, मोजमापाचा एखादा आकडा विचारावा इतक्या शांतपणे विचारलं,

"आणि बाकीचे, सर?"

बाकीचे खरे होते. हे ते तिला सांगू शकत होते, सांगितलंही. पण सांगताना त्यांना ऐकू आलं की हे वाक्य खोटा माणूसही असंच म्हणेल, याच आवाजात.

संचालकांना खड्डेकरांच्या कबुलीचा कागद वाचून वाईट वाटलं. "हे लिहायलाच हवं होतं का?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मग सगळं रीतसर झालं. जुना अहवाल रद्द झाला, आगाराचा नकाशा फरसबंदी सोडून वळवला गेला, फूटपट्टी कायम झाली. खड्डेकरांना मैदानातून काढून खात्याच्या स्टोअरमध्ये खापऱ्यांच्या पिशव्या मोजायला बसवलं. आणि त्यांच्या एकतीस वर्षांच्या अहवालांतल्या चौदा जागा चिठ्ठ्या टाकून निवडल्या गेल्या, पुन्हा खणून पाहण्यासाठी. ते काम अर्थातच जिला मोजता येतं तिच्याकडे गेलं.

आतापर्यंत सहा झाल्या. दर वेळी ती स्वतः फोन करते. "सापडला, सर. नाणंही आहे." आवाजात आनंद असतो, परीक्षा पास झालेल्या पोराच्या घरी कळवावं तसा. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिचा फोन आला की खड्डेकर खुर्चीवरून उठतात आणि बोलणं संपेपर्यंत उभे राहतात.

"साहेबांचा फोन का?" स्टोअरच्या कारकुनाने परवा विचारलं.

"हो," खड्डेकर म्हणाले आणि पिशव्या मोजायला बसले.