मकसूद मिस्त्रीची दुहेरी तार

बारामतीच्या पेठेत मकसूद मिस्त्रीचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. म्हातारपणी तिथं चहा पिताना त्याची गाडी हटकून छप्पन सालच्या इंदापूरच्या शिबिरावर यायची.

तेव्हा तो बावीस वर्षांचा. डोळ्यांचं शिबिर शाळेत भरलं होतं आणि विजेसाठी त्याचा जनरेटर होता. इंजिनाची धडधड रोग्यांना नको म्हणून त्यानं तो मैदानाच्या पार टोकाला ठेवला. तार कुंपणाच्या कडेनं, शाळेला वळसा घालून आत नेली. नुसता दिवा लावला तेव्हा उजेड लख्ख पडला. पण हत्यारं उकळायची विजेची शेगडी सुरू झाली आणि दिवा निखाऱ्यासारखा लाल झाला.

ऑपरेशनच्या टेबलावर शेळगावची सिंधुबाई होती. डॉक्टरांनी हात मागं घेतला. "मिस्त्री, एवढ्या उजेडात मी डोळ्याला हात लावणार नाही."

"परत धाडू नगा वो," सिंधुबाई पडल्या पडल्या म्हणाली. "दोन वर्सं झाली, चाचपून भाकरी थापती मी."

मकसूदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो इंजिनाकडं धावला. तिथं विजेचा दाब दाखवणारा काटा जागेवर होता. मग परतताना त्यानं तारेवरून हात फिरवला. तार चांगलीच कोमट लागली, आणि त्याच्या ध्यानात आलं.

सिंधुबाईचा नवरा रामहरी मागोमाग शाळेच्या खिडकीशी आला. "दुसरं इंजिन आणायचं का रं?"

"न्हाय तात्या, इंजिन धड हाय. तार बारीक नि लांब, म्हणून वीज वाटंतच तारेला तापवण्यात जाती. आता वाट जवळची करू, नि एकीच्या जोडीला दुसरी तार घालू. दोन मिळून जाड तारेचं काम करत्यात."

इंजिन बंद करून गावात पुकारायला लावलेला कर्णा त्यानं उतरवला, त्याची तार सोडली. रामहरीनं टोकं धरली, मकसूदनं पिळली. वळसा सोडून दुहेरी तार सरळ खिडकीतून आत गेली. इंजिन पुन्हा सुरू केलं, तसा शेगडी चालू असतानाच दिवा पांढराशुभ्र झाला. "आता कसं!" डॉक्टर म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

महिन्याभरानं चष्मे वाटायचे होते, तेव्हा मकसूद मुद्दाम एसटीनं इंदापूरला गेला. जाड भिंगांतून सिंधुबाईनं त्याला खालवर न्याहाळलं.

"तूच व्हय तो तारवाला? आवाजावरनं मला चांगला बाप्या वाटला हुतास. तुला तर अजून मिशी बी न्हाय!"

तो लाजून लाल झाला. पुढं शेळगावात कुणाचंही लग्न निघालं, तर मांडवात कर्णा मकसूदचाच लागायचा.