भरलेली टाकी

भेटायला येणाऱ्यांची प्रेमानंदला किळस यायची. येताना ते संत्र्याची बर्फी आणत आणि जाताना अक्कल ठेवून जात. चेतातंतूंवरचं आवरण सोलणाऱ्या त्याच्या या आजाराचं मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव एकालाही धड घेता येत नव्हतं; त्यावरचा काढा मात्र प्रत्येकाला ठाऊक. कालच त्याच्या बायकोचा, मायाचा, भाऊ केशव येऊन गेला.

"भाऊजी, तुम्ही तर ठणठणीत दिसून राहिले. माणसानं मनातून उठा लागते."

"तू उठ ना गा आधी," प्रेमानंद म्हणाला. "त्या खुर्चीवरून."

केशव हसला. मूर्खांना सगळंच विनोदी वाटतं.

प्रेमानंद वीसेक वर्षं भर उन्हात घरोघरचे विजेचे मीटर वाचत हिंडला होता. आता पायांतून तापलेल्या तारा ओढल्यासारखं दुखे, आणि उकाडा वाढला की त्याच पायांचा चिखल होई. अंग थंड ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. माया सकाळी कूलरची टाकी भरून औषधाच्या दुकानात कामाला जाई. ती गेली की तो कूलर बंद करी. मे महिन्यात, नागपुरात. अंग तापे, पाय जात, आणि मग उठायचं की नाही हा प्रश्नच उरत नसे. केशवला तो तुच्छ मानी खरा. पण बंद कूलरसमोर घामात पडून राहणाऱ्या या माणसाइतकं भिकार त्याला दुसरं कोणी वाटत नव्हतं.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिली.

"झोप?"

"बरी."

"आणि मन?"

"मनाले काय होते."

माया मांडीवरच्या पिशवीचा बंद पिळत बसली होती. वर न बघताच बोलली, "मॅडम, हे कूलर बंद ठेवून राहिले. मी भरून जाते, संध्याकाळी टाकी तशीच भरलेली राहते."

जन्मभर लोकांचा विजेचा वापर नोंदवणाऱ्याला एवढं सुचलं नव्हतं. गाढव.

"तुले कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून. तुम्ही सांगसान म्हणून थांबली होती."

बाईंचं लिहिणं थांबलं. दोघींनाही झोंबेल असं काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं.

"उठावंसंच नाही वाटून राहिलं," तो म्हणाला. आवाज कुणा फालतू माणसाचा वाटला.

"किती दिवस झाले?"

त्याने मायाकडे बोट केलं.

"हिले विचारा. रीडिंग हिच्याजवळ आहे."