आईंचा शेवटचा घोट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून बसतानाही मनातल्या मनात हे उच्चारलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच कारण असेल कदाचित.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणायचे, आमच्या मीरा रोडच्या घरात गेल्या. त्यांच्या अंत्यविधीची सगळी तयारी मी केली. इतकी व्यवस्थित, की आजही सोसायटीत कुणाकडे असं काही झालं की पहिला फोन मला येतो. ‘भाभी, वो गाडीवाले का नंबर है ना आपके पास?’ असतो. मी जातेही. काय आणायचं, कुणाला कळवायचं, सगळं सांगते. लोक म्हणतात, मोठं धीराचं काळीज आहे.

धीराचं?

आईंना अर्धांगाचा झटका आला आणि त्या हॉलमधल्या पलंगाला खिळल्या, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. मी नोकरी सोडली. त्यांना अंघोळ घालणं, कूस बदलणं, डायपर, औषधं, चमच्याने पेज भरवणं — विनायक, म्हणजे माझा नवरा, ऑफिसला गेला की घरात आम्ही दोघीच. त्या फारसं बोलायच्या नाहीत. बघायच्या. मी स्वयंपाकघरात असले तरी पाठीवर त्यांची नजर जाणवायची.

मग एकदा डॉक्टर म्हणाले, ‘नातेवाईकांना कळवून ठेवा.’ विनायक ऐकून बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्याला जमणार नव्हतं, हे मला कळलं. म्हणून मी फोन फिरवायला लागले. शववाहिनी कोण पाठवतं, स्मशानभूमीत कुणाशी बोलायचं, तिरडीचं सामान कुठल्या दुकानात मिळतं. आमची लिफ्ट अरुंद, स्ट्रेचर मावत नाही — मग सहाव्या मजल्यावरून खाली कसं न्यायचं? दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘ताई, खुर्चीवर बसवून न्यायचं. मीरा रोडला सगळे तसंच करतात. तिरडी खाली कंपाउंडमध्ये बांधू.’

मी हे सगळं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलत होते. पलंग तिथून चार पावलांवर.

फोन ठेवला, आणि आईंचा आवाज आला. कित्येक दिवसांत इतका स्वच्छ आवाज ऐकला नव्हता.

‘कोण गेलं गं?’

‘कोणी नाही, आई. शेजारच्या बिल्डिंगमधले आजोबा.’

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सगळं नीट कर हो त्यांचं.’

त्यांना कळलं होतं का? मी आजही ठरवू शकत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी मी पेज घेऊन गेले तर आई हाकेला ओ देईनात. डॉक्टर आले. नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली. विनायकच्या खांद्यावर हात ठेवला. दाखला लिहून दिला आणि गेले.

मग माझी तयारी सुरू झाली. गाडी, सामान, गुरुजी, सगळं एकेका फोनवर हललं. वसईहून नणंद आली, संध्या. विनायकचे मामा आले. समोरचे मेहताभाई आले, ते शेवटपर्यंत थांबले. घर माणसांनी भरलं. आईंना अंघोळ घातली, त्यांच्या आवडीचं हिरवं लुगडं नेसवलं आणि हॉलमध्ये चटईवर ठेवलं. त्या वेळी विनायक रडला. दोन वर्षांत पहिल्यांदा, लहान मुलासारखा. सगळं अगदी जसं व्हायला हवं तसं होत होतं, आणि मला — कसं सांगू? मला बरं वाटत होतं.

मग एकेकाने आईंच्या तोंडात गंगाजल घातलं. विनायकने, संध्याने, मामांनी. पळीभर घालायचं, आणि ते ओठांच्या कोपऱ्यातून गालावर ओघळायचं. संध्या पदराने टिपत होती. शेवटी मी बसले. तेवढ्यात खालून गाडी आल्याचा फोन आला, सगळे दाराकडे वळले. मी पळी ओठांना लावली. पाणी आत गेलं.

ओघळलं नाही.

आणि आईंचा गळा हलला.

एकदाच. वर — आणि खाली. घोट गिळतात तसा.

तुम्ही म्हणाल, भास. पण दोन वर्षं मी त्याच गळ्याकडे बघत जेवण भरवलं होतं. तो हलला की पुढचा चमचा, नाही हलला की थांबायचं, नाहीतर ठसका लागायचा. जगात कुठली गोष्ट मला पाठ असेल तर तो गळा.

मी मान वर केली. कुणीही बघत नव्हतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं — थांबा. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहतात. कुणी मला वेडी म्हटलं असतं, एवढंच ना?

मी पळी खाली ठेवली.

आईंना खुर्चीवर बसवलं. पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची, आमच्याच बाल्कनीतली. छातीवरून ओढणी बांधली. विनायक आणि मेहताभाई दोन्ही बाजूंना, मध्ये आई, डोक्यावरून पदर घेतलेल्या. दवाखान्यात निघाल्यासारख्या. लिफ्टची जाळी ओढली, लिफ्टला हिसका बसला, आणि आईंची मान वळली. माझ्याकडे. जाळीच्या पट्ट्यांमधून तो चेहरा खाली, आणखी खाली गेला आणि दिसेनासा झाला. मी तिथेच उभी होते. खालून लिफ्ट थांबल्याचा आवाज आला तरी उभी होते.

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. संध्याने फरशी पुसली, आई होत्या त्या जागी दिवा लावला. फोन माझ्या हातात होता. अजूनही वेळ होता. मी विनायकला फोन लावला.

‘काय गं?’ मागे लाकडं टाकल्याचा आवाज येत होता.

‘विनायक —’

‘बोल लवकर. गुरुजी थांबलेत.’

‘तूप... तुपाचा डबा पिशवीत खाली आहे.’

‘मिळाला,’ तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तो अंघोळ करून माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, ‘आईच्या चेहऱ्यावर किती टवटवी होती गं शेवटी. मेहताभाई पण म्हणाले, माँजी तो सोयी हुई लगती हैं.’ मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, ‘तू होतीस म्हणून सगळं नीट झालं.’

मी हात काढून घेतला नाही.

पुढे एकदा, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं, मी एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मृत्यूनंतर स्नायू सैल पडतात, पाणी आपोआप आत उतरतं, बघणाऱ्याला तसं वाटू शकतं. असेलही. त्या दिवशी हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मला माहीत होतं की आईंनी घोट गिळला. मी गप्प बसले ते हे माहीत असून.

हॉलमध्ये आता पलंगाच्या जागी सोफा आहे. दुपारी घरात एकटी असले की त्या कोपऱ्यातून मधूनच एक ओलसर आवाज येतो, घशातून उतरल्यासारखा. पाइपचा असेल. मी टीव्ही लावते.

पण एवढंच असतं, तर मी हे कधीतरी विनायकला सांगितलंही असतं. घाबरले होते, दमले होते, सुचलं नाही — त्याने समजून घेतलं असतं. मघाशी सांगताना मी मधली एक गोष्ट गाळली. पळी खाली ठेवली आणि आईंना खुर्चीवर बसवलं, त्याच्या मधली.

दाराकडून संध्या म्हणाली होती, ‘वहिनी, नाकात कापूस घालायचा राहिलाय.’

मी घाबरले नव्हते. मला सगळं सुचत होतं. मनात अगदी स्पष्ट आलं होतं की आत्ता बोलले, तर उद्या सकाळी पुन्हा पेज, पुन्हा डायपर, पुन्हा ती नजर. मी कापूस घेतला, दोन बोळे वळले आणि आईंच्या नाकपुड्यांत घातले. एक सैल वाटला, तो बोटाने आणखी आत सारला.