डोहातला सात नंबर

आमच्या जीपच्या सीटखाली कायम वाळू असते. कितीही झाडा, चिमूटभर उरतेच. नदीच्या कामातल्या किश्शांचंही तसंच आहे. मुद्दाम कोणी जमवत नाही. बुटातून, खिशातून आपोआप घरी येतात आणि चहाला चार दोस्त बसले की सांडायला लागतात.

आधी माणसं सांगतो. सुलभा मॅडम आमच्या प्रमुख, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. नूरभाई जीपचे ड्रायव्हर, पाण्यातल्या कुठल्याही जिवाला हात लावणार नाही अशी शपथ घेतलेले. आणि मी, मिलिंद, उरलेली सगळी कामं करणारा.

शेतातलं खताचं, फवारणीचं पाणी चरातून कयाधू नदीत उतरतं. त्यानं नदीतल्या जिवांचं काय होतं, ते आम्ही बघत राहतो. पुसेगावच्या पुढं एका बंजारा तांड्याखाली डोह आहे. उन्हाळ्यात बाकी नदी आटते, तेव्हा आसपासची कासवं याच एका डोहात जीव धरून असतात. अलीकडं ती कमी कमी दिसायला लागली होती. डोह नासला तर त्यांना दुसरीकडं जायला जागाच नाही, हीच आमची सगळ्यात मोठी काळजी.

* * *

मोजलेलं कासव पुन्हा ओळखू यावं म्हणून आम्ही त्याच्या पाठीवर नेलपॉलिशनं नंबर टाकतो. ती आणायचं काम माझं. जवळच्या गोरेगावच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात गेलो.

"वहिनीसाठी का?" दुकानदारानं विचारलं.

"लग्न नाही झालं माझं. कासवासाठी पाहिजे."

तो जरा वेळ माझ्या मिशीकडं बघत राहिला. मग अगदी आपुलकीनं म्हणाला, "रंगानं कसं हाय? सावळं असंल तर लाल खुलून दिसंल बघा."

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आई दारातच उभी!

"कोण हाय रं ती?"

"आई, कासव आहे."

"असू दे. सभावानं चांगली हाय ना?"

* * *

मॅडमची शिस्त फार कडक. पाखरं मोजताना बोलायचं नाही, शिंकायचं नाही. एकदा समोरच्या काठावर बाभळीखाली पांढराशुभ्र बगळा दिसला. मॅडमनी दुर्बीण लावली आणि हळूच मला सांगायला लागल्या, "लिही. मोठा बगळा. एकटा. अतिशय स्थिर. ध्यान लागलंय बघ त्याचं."

आम्ही श्वास धरून बसलो. बगळा काही हलेना. शेवटी वैतागून नूरभाई पाण्यातून पलीकडं गेले आणि तिथूनच ओरडले, "मॅडम, ये बगुला नै है! युरिया की गोनी है!"

मॅडमनी शांतपणे दुर्बीण खाली ठेवली. "लिही मिलिंद. बगळे शून्य, युरिया एक."

* * *

तपासायच्या पाण्याच्या बाटल्या आम्ही बर्फाच्या डब्यात ठेवतो. पुसेगावला एका हॉटेलवाल्याशी आमची फार दोस्ती. त्याचं दूध नासू नये म्हणून तोही आपल्या पिशव्या खुशाल आमच्या डब्यात ठेवायचा. एका दुपारी त्याच्या नळाचं पाणी गेलेलं. आम्हाला चहाविना कसं पाठवायचं म्हणून त्यानं डबा उघडला, एक बाटली काढली आणि झकास चहा टाकला.

चहा पिऊन झाल्यावर मला रिकामी बाटली दिसली. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "डोह, चराचं तोंड". म्हणजे फवारणीचं पाणी जिथून उतरतं, बराबर तिथलं!

नूरभाईंनी कानाला हात लावले. मी पोटाला. मॅडमनी कपाच्या तळाकडं एकवार बघितलं आणि म्हणाल्या, "चला. आजपासून आपणही सॅम्पल."

* * *

आता याडी. तांड्यातल्या बोलीत याडी म्हणजे आई. नाव जमुनाबाई, पण सगळा तांडा याडी म्हणतो म्हणून आम्हीही. घर डोहाच्या अगदी वर, घराखाली तिचं हळदीचं एकच वावर. आम्ही गेलो की ताक ठरलेलं.

तिचा जीव जडला होता सात नंबरच्या कासवावर. तिनं भाकरीचा तुकडा दाखवला की ते पोहत यायचं आणि तिच्या हातून खायचं. जंगली प्राण्याला खाऊ घालू नये, असं मॅडमनी तिला समजावलं. याडी म्हणाली, "जंगली कुठं? हे तर माह्या दारचं हाय!"

एके सकाळी तिचा फोन. "लवकर या, मासे मरून राहिले!" आम्ही धावलो. बघतो तर मासे वर येऊन तोंड वासत होते, सात नंबर खडकावर मान लांब करून बसलेलं, आणि याडीनं मोटर चालू करून पाइपाचं पाणी उंचावरून डोहात सोडलेलं.

"हे काय याडी?"

"माणूस चक्कर येऊन पडला तर तोंडावर पाणी मारता का न्हाई? मंग!"

मॅडमना हसू आलं, पण मोटर त्यांनी बंद करू दिली नाही. पाणी उडालं की त्यात थोडी हवा मिसळते. बरेच मासे तगले.

* * *

पण माशांना हवा कमी का पडली, हे कोणीतरी याडीला सांगायला हवं होतं. खत उतरलं की डोहात शेवाळ माजतं आणि रात्रीतून पाण्यातली हवा खाऊन टाकतं. ते खत येत होतं तिच्याच वावरातून. मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या, मी नूरभाईंकडं. शेवटी नूरभाईच बोलले. "याडी, वो पानी तुमारे खेत का है."

याडीनं ताकाचा तांब्या खाली ठेवला.

"चर बुजवू मी? माही हळद पाण्यात बसंल, कंद सडंल. मंग खाऊ काय?"

चर बुजवायला नको, मॅडम म्हणाल्या. खालच्या कोपऱ्यात खोलगट जागा करायची, तिथं गवत वाढू द्यायचं. पाणी आधी तिथं थांबेल, निवळेल, मग नदीत जाईल. फक्त हळदीच्या दोन सऱ्या मोडाव्या लागतील.

"माह्याच काहून? वर एवढी वावरं हायेत, त्यांना सांगा की!"

त्या दिवशी ताक मिळालं नाही. खरं सांगतो, ताकाचं काही नाही, पण फार वाईट वाटलं.

* * *

त्यानंतर सिद्धेश्वर धरणाकडचं काम लागलं आणि पावसाळाभर तिकडं फिरकता आलं नाही. हिवाळ्यात गेलो ते भीत भीतच. याडी अंगणात ओढणी पांघरून बसली होती. आम्हाला बघून उठली, आत गेली आणि ताक घेऊन आली.

मी खाली बघितलं. वावराच्या कोपऱ्यात दोन सऱ्या नव्हत्या. तिथं कमरेइतकं गवत वाढलं होतं.

मॅडम काही बोलणार, तेवढ्यात डोहातल्या खडकावर लख्ख चमकलं. मी दुर्बीण लावली. कासव होतं. पाठीवर पुसट लाल सात, आणि त्याच्या शेजारी चिकटवलेला बारका गोल आरसा!

"याडी! हे काय केलंस?"

"पंक्चरच्या सोल्यूशननं लावला. लई मजबूत बसला."

"अगं, प्राण्याला असं काही चिकटवायचं नसतं," मॅडम कळवळून म्हणाल्या.

"तुमचा आकडा मला कुठं वाचता येतो? सकाळी दार उघडलं की बघते, चमकलं का न्हाई. दोन सऱ्या मोडल्या म्या त्याच्यापायी. जितं हाय का न्हाई, ते दिसाया नको व्हय?"

मॅडमनी आणखी रागवायला तोंड उघडलं, पण त्यांची नजर याडीच्या ओढणीवर गेली. लग्नातली जुनी ओढणी, काठाला ओळीनं आरसे लावलेली. एका बाजूला आरसे नव्हतेच, नुसते दोरे लोंबत होते.

ढग सरला, ऊन खडकांवर उतरलं तसं जागोजागी चमकायला लागलं.

"एक," नूरभाई मोजायला लागले. "वो देखो, दो... उधर भी है मॅडम..." पुढं त्यांना मोजता येईना.

मॅडमनी डोळे पुसले आणि दुर्बीण वर घेतली. "गप्प बसा सगळे. पुन्हा पहिल्यापासून मोजू."